इफ्तारच्या वेळी जबड्याखाली सूज का येते?

मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो आणि जबड्याखाली एकदम कळ येते. हात लावून पाहावे, तर एका बाजूला सूज! तासा-दोन तासांत ती उतरते. "दाढ दुखत असेल," म्हणून आपण गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी इफ्तारला पुन्हा तेच. हे दुखणे दाढेचे नसून लाळेची वाट अडल्याचे असू शकते.

अल्लाहने आपल्याला मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या दिल्या आहेत: कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. जबड्याखालच्या ग्रंथीची नळी सुमारे ५ सेंटिमीटर लांब असते. ती जिभेखालून पुढे येते आणि खालच्या दातांमागे, जिभेच्या पट्टीशेजारी बारीक तोंडाने उघडते. लंडनचे डॉक्टर थॉमस व्हार्टन यांनी १६५६ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती व्हार्टनची नळी म्हणून ओळखली जाते.

या ग्रंथीची लाळ दाटसर असते, तिच्यात कॅल्शियम जास्त असते आणि ती खालून वर चढत येते. त्यामुळे लाळग्रंथींमधले दहापैकी आठ खडे इथेच आढळतात. घास तोंडात जाताच लाळ जोराने सुटते. पुढे खडा असला की ती मागे तुंबते आणि ग्रंथी फुगते. जेवण झाले, लाळ ओसरली, की सूजही उतरते.

मग आपण काय करावे? इफ्तार ते सहरी पुरेसे पाणी प्यावे. लिंबाची फोड चोखावी, बाहेरून कोमट शेक द्यावा आणि जबड्याखालून हनुवटीकडे हलके चोळावे. लहान खडा कधी कधी आपोआप निघून जातो. सूज पुन्हा पुन्हा येत असेल, तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. खडा बहुधा तोंडातूनच काढता येतो.

मात्र ताप, पू किंवा गिळताना त्रास असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जेवणाशी संबंध नसलेली, न उतरणारी गाठही तपासून घ्यावी. औषधासाठी रोजा सोडावा लागला तरी मन खट्टू करू नये. आजाऱ्याला ते रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.