वर काच, खाली बॉयलर
लेखमाला : पाहावीत अशी घरे (लेखांक ६)

ब्रनोला जायचे ठरले की आधी घराचे तिकीट काढा, मग रेल्वेचे बघा. टुगेंडहाट व्हिलाची तिकिटे कित्येक आठवडे, उन्हाळ्यात तर काही महिने आधी संपतात. दारात जाऊन उभे राहिलो आणि आत सोडले, असे इथे सहसा होत नाही. फेरी मार्गदर्शकाबरोबरच, ठरल्या वेळी आणि मोजक्या माणसांची. तीही दोन प्रकारची असते. छोट्या फेरीत राहण्याची दालने दिसतात, मोठ्या फेरीत त्यांच्याखालचा यंत्रांचा मजलाही बघायला मिळतो. मोठीच घ्या. ती मिळत नसेल तर तारीख पुढे ढकला, पण तो मजला चुकवू नका. का चुकवू नये, हाच आजच्या लेखाचा विषय.

ब्रनो हे चेक प्रजासत्ताकातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. प्रागहून रेल्वेने अडीच तास, व्हिएन्नाहून दीड. एकोणिसाव्या शतकात लोकरी कापडाच्या गिरण्यांमुळे त्याला मोराव्हियाचे मँचेस्टर म्हणत. फ्रिट्झ टुगेंडहाट आणि ग्रेटा ल्योव-बेअर ही दोघेही तिथल्या जर्मनभाषक ज्यू गिरणीमालकांच्या घराण्यांतली. १९२८मध्ये त्यांचे लग्न झाले तेव्हा ग्रेटाच्या वडिलांनी आपल्या बंगल्यामागच्या बागेचा वरचा उतार मुलीला आहेर म्हणून दिला आणि घराचा खर्चही उचलला. ग्रेटा त्याआधी काही वर्षे बर्लिनमध्ये राहिली होती. मीस फान डेर रोह या वास्तुरचनाकाराने बांधलेले एक घर तिने तिथे आतून पाहिले होते, आणि त्यातला मोकळेपणा तिच्या मनात बसला होता. मीस ब्रनोला आला, त्याने उतार पाहिला आणि काम घेतले. १९२९च्या उन्हाळ्यात बांधकाम सुरू झाले आणि १९३०च्या डिसेंबरात कुटुंब राहायला आले. आतल्या सजावटीत मीसची सहकारी लिली राइश हिचा वाटा मोठा आहे. पडद्यांचे कापड, रंग आणि बरेचसे फर्निचर यांवर तिचा हात फिरलेला आहे. मार्गदर्शक तिचे नाव घाईत घेतात. तुम्ही मात्र ते लक्षात ठेवा.

मुलांच्या रुग्णालयाच्या थांब्यावर ट्राममधून उतरून चेर्नोपोल्नी रस्त्याला लागलात की घर चटकन सापडत नाही. रस्त्याकडून दिसते ती एक बैठी, पांढरी, जवळपास मुकी इमारत : एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला दुधी काचेची गोलाई आणि मधल्या मोकळ्या जागेतून दिसणारा श्पिलबेर्कचा किल्ला. हा घराचा सर्वांत वरचा मजला. इथे झोपण्याच्या खोल्या आहेत. दुधी काचेच्या आड प्रवेशाची जागा आहे, आणि तिथून ट्रॅव्हर्टाइन दगडाच्या गोल जिन्याने खाली उतरायचे. मुख्य दालनात वरून उतरत जाणे, हे इथे अनुभवण्यासारखे आहे. बुटांवर खोळा चढवून तुम्ही पायऱ्या उतरता आणि शेवटच्या पायरीवरून समोर उजेड दिसतो, पण संपूर्ण दालन अजून नजरेत येत नाही. चार पावले पुढे टाकली की येते.

हे दालन अडीच हजार चौरस फुटांच्या आसपास आहे आणि त्यात एकही बंदिस्त खोली नाही. वरच्या मजल्याचा भार भिंतींवर नसून पोलादी सांगाड्यावर आहे. खांबांचा छेद अधिकच्या चिन्हासारखा, आणि आतल्या खांबांवर चकचकीत क्रोमचे वेष्टन. यातल्या एका खांबापाशी थांबून नीट बघा. वेष्टनाच्या गोल कडांवर बागेची हिरवी पट्टी, पांढरे लिनोलियम आणि तुमचा स्वतःचा कोट अशा उभ्या रेषा ओढल्यागत दिसतात. तुम्ही हललात की रेषाही हलतात. भार पेलणारी वस्तू डोळ्यांना इतकी हलकी वाटावी, यासाठी घेतलेली ही मेहनत आहे. फोटोत खांब नुसता चमकतो. तो आजूबाजूचे सगळे स्वतःत ओढून घेतो हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

भिंती भार उचलत नसल्याने त्या हव्या तिथे, हव्या त्या सामानाच्या उभ्या करता आल्या. बैठक आणि अभ्यासाची जागा यांच्यामध्ये मोरोक्कोच्या अ‍ॅटलस पर्वतातून आणलेल्या ओनिक्सची मधाळ रंगाची भिंत आहे. हिवाळ्यात सूर्य खाली आला की उतरते ऊन तिच्यात शिरते आणि दगड आतून तांबडा उजळतो. म्हणून हिवाळ्यातली दुपारनंतरची फेरी मिळाली तर सोडू नका. जेवणाच्या टेबलाला मकासार एबनीच्या लाकडाची अर्धगोल भिंत कवेत घेते. आणि बागेच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच. त्यातल्या दोन प्रचंड काचा विजेच्या मोटरवर सरळ जमिनीत उतरतात आणि दालन बागेला उघडे पडते. प्रत्येक फेरीत त्या उतरवून दाखवतीलच असे नाही.

घर पुरे झाले त्याच्या पुढच्या वर्षी, १९३१मध्ये, ‘डी फॉर्म’ या जर्मन मासिकात वाद पेटला : या घरात राहता येते का? टीकाकाराचे म्हणणे असे, की इतकी भारदस्त, इतकी पुरी रचना माणसाला सतत प्रदर्शनात उभे राहायला लावते. तिथे चित्र टांगायला जागा नाही, खुर्ची हलवायची सोय नाही. उत्तर दिले ते खुद्द राहणाऱ्यांनी. ग्रेटा आणि फ्रिट्झ दोघांनीही लिहिले, आणि दोघांचा सूर स्वच्छ होता : आम्हाला इथे दडपण येत नाही, उलट मोकळे वाटते. मला ग्रेटाचे म्हणणे पटते. पण टीकाकाराच्या प्रश्नातला अर्धा भाग त्या वादात कुणाच्याच हाती लागला नाही, आणि तो सापडतो खाली.

मोठ्या फेरीतले लोक आता तळमजल्यावर जातात. वरच्या दालनात एकही भट्टी दिसली नव्हती. हिवाळ्यात गोठणाऱ्या गावात, भिंतीएवढ्या काचेच्या आत, घर उबदार राहत होते ते इथल्या जोरावर. इथे बॉयलर आहेत, कोळशाची खोली आहे, राख वर नेण्याची सोय आहे. शेजारी हवेची यंत्रणा. बाहेरची हवा ओढून घ्यायची, तेलाच्या गाळण्यांतून धूळ काढायची, पाण्याच्या फवाऱ्यातून ओलावा द्यायचा, सीडरच्या लाकडाच्या भुशावरून नेऊन तिला मंद वास द्यायचा आणि मग वरच्या दालनात सोडायची. हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात थंड. १९३०मध्ये, खासगी घरात! सरकत्या काचांच्या मोटरी इथेच, आणि उतरलेल्या काचा ज्यांत मावतात त्या खोल खाचाही इथेच. कपडे धुण्याची, वाळवण्याची आणि इस्त्रीची खोली आहे. फरच्या कोटांना कसर लागू नये म्हणून वेगळी बंद खोली आहे. फ्रिट्झला छायाचित्रणाचा नाद होता, त्याची अंधारखोलीही याच मजल्यावर.

मीसने वर जे काढून टाकले ते नाहीसे झाले नव्हते, ते खाली आले होते. भिंतीच्या जाडीत, माळ्यावर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जे एरवी सामावते ते सगळे त्याने एका मजल्यावर नेऊन नीट लावले. आणि ते आपोआप चालत नव्हते. कोळसा ओढणारा माणूस होता, मोटारचालक होता, स्वयंपाकीण, मोलकरणी आणि मुलांना सांभाळणारी बाई होती. नोकरांसाठी घराला वेगळा भाग आहे आणि त्याला वेगळे दार आहे. वरच्या दालनात खुर्ची जागची हलत नव्हती, कारण पसारा आवरणारे हात घरात होते. इथे राहता येते का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच आहे, पण ते ‘हो’ दोन मजल्यांवर मिळून उभे आहे. आधुनिकतावादी घरे पाहणारे बहुतेक जण पहिल्या मजल्याचा फोटो घेऊन परततात आणि मग तशी रिकामी बैठक आपल्या वन बीएचकेत उतरवू पाहतात. कपाट, वॉशिंग मशीन, गहू-तांदळाचे डबे मग कुठे जायचे? मीसला हा प्रश्न पडला होता, आणि त्याने त्याला एक अख्खा मजला दिला. माझ्या मते या घरातली सर्वांत प्रामाणिक जागा तीच आहे.

कुटुंबाला हे घर लाभले जेमतेम साडेसात वर्षे. १९३८च्या मे महिन्यात टुगेंडहाट मंडळी नाझींच्या भीतीने स्वित्झर्लंडला गेली, पुढे १९४१मध्ये व्हेनेझुएलाला. ग्रेटाचे वडील १९३९मध्ये देश सोडून निसटताना मरण पावले. त्याच वर्षी घर गेस्टापोने जप्त केले. १९४५मध्ये सोव्हिएत सैन्याने त्यात घोडे बांधले. मग काही वर्षे तिथे नृत्यशाळा भरली, आणि पुढे मणक्याच्या विकारांच्या मुलांना त्याच मोठ्या दालनात व्यायाम दिला जाई. त्या काळातले फोटो मला विशेष प्रिय आहेत. ओनिक्सच्या भिंतीसमोर मुले शिस्तीत हातपाय हलवताहेत, आणि दालन त्यांना सहज सामावून घेते आहे. १९९२च्या ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या फाळणीची बोलणी चेक नेते व्हात्स्लाव्ह क्लाउस आणि स्लोव्हाक नेते व्लादिमीर मेचियार यांनी इथेच केली. २००१मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आले आणि २०१० ते २०१२ या काळात काटेकोर जीर्णोद्धार झाला.

एबनीची अर्धगोल भिंत युद्धात गायब झाली होती. तिच्या फळ्या २०११मध्ये सापडल्या त्या ब्रनोतच, विद्यापीठाच्या विधी शाखेच्या इमारतीत. युद्धकाळात ती इमारत गेस्टापोच्या ताब्यात होती, आणि तिथल्या उपाहारगृहाच्या भिंतींना या फळ्या लावलेल्या होत्या. इतकी वर्षे विद्यार्थी त्यांच्या शेजारी बसून जेवत होते. त्या उतरवून पुन्हा मूळ जागी बसवल्या गेल्या. जेवणाच्या टेबलापाशी उभे राहाल तेव्हा लाकडाच्या काळ्या-तपकिरी रेघा जवळून निरखा.

फेरी संपल्यावर लगेच ट्राम पकडू नका. बागेच्या उताराच्या पायथ्याशी ग्रेटाच्या माहेरचा बंगला आहे, तोही आता संग्रहालय म्हणून खुला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला, नक्षीदार, भरजरी वळणाचा. ज्या लोकरीच्या पैशातून वरचे घर उभे राहिले तो पैसा कुठून आला, कुणी कमावला, याचा हिशेब इथल्या दालनांत मांडला आहे. वरच्या घराला तिकीट मिळाले नाही तरी इथे सहज मिळते. दोन्ही घरांसाठी मिळून किमान अर्धा दिवस राखून ठेवा.

पुढच्या लेखात उट्रेख्टचे श्रोडर घर : १९२४चे, आकाराने छोटे, तळघरात नोकरांचा ताफा नसलेले, आणि जिथल्या भिंती राहणारी बाई रोज स्वतःच्या हातांनी सरकवत असे.