गोळीची बैठक, लांब कंठाच्या रायफलीतील
काडतूस हाताने भरताना गोळीचा किती भाग पुंगळीच्या मानेत शिरवावयाचा व किती बाहेर ठेवावयाचा, या मापास गोळीची बैठक म्हणतात. रायफलीच्या नळीत काडतुसाची कोठी संपते तेथपासून मळसूत्री खोबणींमधील कंगोरे सुरू होईपर्यंतचा भाग गुळगुळीत असतो. तो नळीचा कंठ होय. बार उडताच गोळी मानेतून सुटते, कंठात काही अंतर मोकळी धावते आणि मग कंगोऱ्यांत रुतून स्वतःभोवती फिरू लागते.

ही मोकळी धाव जितकी कमी तितकी गोळी नळीच्या अक्षाशी सरळ शिरते व नेम अचूक साधतो, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे स्पर्धांसाठी काडतुसे भरणारे पुष्कळ नेमबाज गोळी कंगोऱ्यांपासून पाव ते अर्धा मिमी. अंतरावर ठेवतात. आखूड कंठाच्या रायफलीत हे साधते. लांब कंठाच्या रायफलीत मात्र या नियमाच्या मागे लागणे बहुधा व्यर्थ ठरते.

याचे चांगले उदाहरण म्हणजे स्वीडनची १८९६ ची मौझर पद्धतीची लष्करी रायफल. तिच्या ६·५ × ५५ मिमी. काडतुसातील मूळ गोळी बोथट नाकाची, लांबट व १०·१ ग्रॅ. वजनाची होती. तिचे लांब दंडगोलाकार अंग सामावण्यासाठी कंठही लांब ठेवलेला होता. १९४१ मध्ये ९·१ ग्रॅ. ची टोकदार गोळी स्वीकारण्यात आली, तरी जुन्या नळ्यांचा कंठ होता तसाच राहिला. हौशी नेमबाज या रायफलींत ७·८ ग्रॅ. च्या गोळ्याही वापरतात. इतकी आखूड गोळी कंगोऱ्यांना भिडवू गेल्यास तिचा बुंधा मानेतून जवळजवळ सुटतो. ती तिरकी बसते, हाताळताना डळमळते आणि जी अचूकता मिळवावयाची तीच हातची जाते.

म्हणून येथे विचाराचा क्रम उलटा ठेवावा लागतो. गोळीची निदान तिच्या व्यासाइतकी लांबी, म्हणजे या रायफलीत सु. ६·५ मिमी., मानेच्या पकडीत असावी, हा जुना व उपयुक्त ठोकताळा आहे. नंतर मॅगझीनची मर्यादा पाहावयाची. या काडतुसाची प्रमाणित कमाल एकूण लांबी ८० मिमी. आहे. या दोहोंतून जी धाव उरेल ती स्वीकारून बैठक थोडथोडी बदलीत लक्ष्यावर पारख करतात. अमेरिकेतील वेदरबी रायफलींत कंठ मुद्दाम लांब ठेवण्याची प्रथा होती, तरीही त्यांपैकी अनेक उत्तम नेम देतात. धाव किती आहे यापेक्षा ती प्रत्येक काडतुसात सारखी आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे.

बैठकीचा दाबाशी असलेला संबंध दुर्लक्षून चालत नाही. मोकळ्या धावेत वायूंना प्रसरणास जागा मिळते व कमाल दाब उतरतो. वेदरबी रायफलींतील लांब कंठाचा हेतू तोच होता. उलट, गोळी कंगोऱ्यांना टेकलेली असेल तर दारूचे वजन तेच असूनही दाब एकाएकी चढतो. त्यामुळे बैठक पुढे आणताना दारू कमी करून पुन्हा हळूहळू वाढवीत न्यावी लागते. गोळी फारच खोल बसविल्यास पुंगळीतील जागा आटून दाब पुन्हा वाढू शकतो. १८९६ च्या रायफलीस नंतरच्या १८९८ च्या मौझर रायफलीसारखा तिसरा सुरक्षा-दट्ट्या नाही, हे लक्षात घेता अशा जुन्या हत्यारात प्रयोगाचे धाडस अंगाशी येऊ शकते. कंगोऱ्यांत घट्ट रुतलेली गोळी, बार न उडविता काडतूस काढताना, नळीतच राहते आणि दारू कोठीत सांडते, ही आणखी एक अडचण.

कंठ मोजण्याची साधी रीत अशी : रिकाम्या रायफलीचा बोल्ट मिटून साफसफाईची सपाट टोकाची सळई नळीच्या तोंडातून बोल्टला टेकेपर्यंत घालतात व तोंडाशी सळईवर खूण करतात. मग बोल्ट काढून नुसती गोळी मागून कंगोऱ्यांना अलगद टेकवून धरतात, सळई तिच्या टोकाला भिडवून दुसरी खूण करतात. दोन खुणांतील अंतर म्हणजे त्या गोळीपुरती, कंगोऱ्यांना भिडणाऱ्या काडतुसाची एकूण लांबी. नाकाचा घाट बदलला की हे माप बदलते, म्हणून प्रत्येक जातीच्या गोळीसाठी ते निराळे घ्यावे लागते. तप्त वायूंनी कंठाचा आरंभ झिजत जातो व कंगोरे पुढे सरकतात. नळी बरीच वापरली गेल्यावर जुने माप उपयोगी पडत नाही.