गिरणीच्या जागी कचेरी

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला साखरेचे गोदाम नवे नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, कुठेही जा. उंच भिंती, वर पत्रे आणि खिडक्या नावापुरत्या. साखरेला ओल लागली की तिचे गोळे होतात, म्हणून हवेला मज्जाव. ती इमारत साखरेसाठी बांधलेली आहे, माणसासाठी नव्हे. तिथेच उद्या चार टेबले टाकून कचेरी थाटली, तर दुपारपर्यंत कारकुनाचे डोके भणभणू लागेल. त्यात कारकुनाचा दोष नाही, बरं का!

मुंबईत असेच स्थित्यंतर मोठ्या प्रमाणावर झाले. १९८२ च्या संपानंतर कापडगिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि लोअर परळच्या कमला मिल्ससारख्या आवारांत कचेऱ्या आल्या. गिरणीच्या विणखात्याचे छप्पर आपण चित्रात तरी पाहिले असेल. करवतीच्या दातांसारखे असते ते. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची, आणि तिचे तोंड उत्तरेकडे. उत्तरेचा उजेड दिवसभर जवळजवळ सारखा राहतो. डोळ्यांवर तिरीप येत नाही, तुटलेला धागा चटकन दिसतो. कागदावर वा संगणकावर काम करणाऱ्याला याहून चांगला उजेड कोणता? पण पुष्कळदा त्याखाली खोटे छत ठोकतात आणि भरदिवसा दिवे जाळतात. विहिरीवर फरशी घालून नळाची वाट पाहावी, तशातला प्रकार!

शिक्षकांनी मुलांना हे खोक्याला खिडकी कापून दाखवावे. एक मात्र सांगा: आपल्याकडे मेच्या मध्याच्या सुमारास भरदुपारी सावली पायाखाली येते, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. तेवढ्यापुरता काचेला आडोसा हवा.

विणखात्यातला उजेड माणसाला मानवतो, हवा मात्र नाही. कोरडा धागा तुटतो, म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवीत. कचेरी करताना गार हवेला खालून वाट आणि गरम हवेला आढ्याजवळून वाट ठेवावी. उंची पाहून पोटमाळा काढण्याचा मोह होतो. पण वर बसणारा थेट तापलेल्या पत्र्याखाली येतो, हे मालकाला खाली बसून कळत नाही.

आणि दारे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारात एका इमारतीच्या गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली. १४ माणसे गेली, ती धुराने गुदमरून. गोदामाला बहुधा एकच मोठे दार असते. पोत्यांना ते पुरते, माणसांना नाही. म्हणून रंग आणि फर्निचर यांचा खर्च धरण्याआधी समोरच्या बाजूला दुसरे दार पाडावे, बाहेर उघडणारे.

एका गोदामातल्या कचेरीत मी सहज विचारले, “दुसरं दार कुठंय हो?”

“आहे की, साहेब,” शिपाई म्हणाला, “त्या कपाटामागं.”