जतन आणि उपलब्धता : वारसासंग्रहांच्या भांडारव्यवस्थेचा विचार (तंजावरच्या मराठी संग्रहाच्या संदर्भात)

मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी सादर केलेल्या 'सीतास्वयंवर' या नाटकाने झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते. तंजावरच्या भोसले राजघराण्यातील शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या 'लक्ष्मीनारायण कल्याण' या नाटकाची व त्या परंपरेतील इतर नाटकांची हस्तलिखिते अभ्यासकांसमोर आली, तेव्हा मराठी नाट्यलेखनाचा इतिहास सुमारे दीड शतकाने मागे गेला. ही हस्तलिखिते कोणी नव्याने लिहिली नव्हती. ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात होतीच. ती टिकली होती, सापडू शकली आणि वाचता आली, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून इतिहास बदलला. यांपैकी एक जरी गोष्ट घडली नसती, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग झाला नसता.

वारसासंग्रहांच्या भांडारव्यवस्थेचा विचार करताना हे उदाहरण ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. जतन आणि उपलब्धता ही दोन परस्परविरोधी उद्दिष्टे आहेत, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तू जितकी कमी लोकांच्या हाती पडेल तितकी ती सुरक्षित, या भावनेने कपाटांना कुलपे लागतात आणि कालांतराने कपाटात काय आहे याचाच विसर पडतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा करून, मर्यादित साधनांतही भांडारव्यवस्था कशी सुधारता येते, याचे विवेचन केले आहे.

तंजावरचा संग्रह

तंजावरच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची परंपरा नायक राजांच्या काळापासूनची आहे. तिला आजचे विस्तृत रूप दिले ते दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी. १८२० ते १८२१ या काळात केलेल्या काशीयात्रेत त्यांनी अनेक हस्तलिखिते मिळविली. युरोपीय भाषांतील छापील ग्रंथही मोठ्या प्रमाणावर खरेदी केले व त्यांतील कित्येकांवर स्वतःची सही केली. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. पुढे १९१८ मध्ये हे ग्रंथालय सार्वजनिक झाले आणि १९८३ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. ग्रंथालयात सुमारे ४९ हजार हस्तलिखिते असून त्यांतील बहुसंख्य संस्कृत आहेत. मराठी हस्तलिखितांची संख्या तीन हजारांच्या घरात आहे. याखेरीज दरबारी कारभाराच्या मोडी कागदांचे रुमाल आहेत, ते वेगळेच.

या संग्रहाची पहिली महत्त्वाची आधुनिक सूची ए. सी. बर्नेल यांनी तयार केली व ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. ती संस्कृत हस्तलिखितांपुरती होती. पुढे पी. पी. एस. शास्त्री यांनी संस्कृत ग्रंथांची वर्णनात्मक सूची अनेक खंडांत सिद्ध केली, तसेच मराठी हस्तलिखितांच्याही सूची निघाल्या. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने येथील हस्तलिखितांचे सूक्ष्मपट घेतले. तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले. म्हणजे एकाच संग्रहावर निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या संस्थांनी, निरनिराळ्या हेतूंनी काम केले आहे. अशा कामांचा परस्परांशी मेळ घालणे हा आजच्या भांडारव्यवस्थेपुढील मुख्य प्रश्न आहे.

ऱ्हासाची कारणे आणि पारंपरिक उपाय

हस्तलिखिताचा नाश सहसा एका आघाताने होत नाही. आग, पूर यांसारख्या आपत्ती अपवादात्मक असतात. दमट हवा, कीड, प्रकाश, धूळ आणि निष्काळजी हाताळणी ही रोजची कारणे होत. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते. कसर आणि झुरळे कागदावरील खळ खातात, तर वाळवी कागदच फस्त करते. ताडपत्र अतिशय कोरडे झाले की ठिसूळ होऊन दोरीच्या छिद्रापाशी तुटते. काजळीच्या शाईने लिहिलेला मजकूर उजेडाने फारसा फिका पडत नाही, परंतु पाणी लागताच पसरतो. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील यंत्रनिर्मित कागद आतील आम्लामुळे आपोआप पिवळा व ठिसूळ होत जातो. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीचा हातकागद सुस्थितीत आणि शंभर वर्षांपूर्वीचे छापील पुस्तक मोडकळीस आलेले, असे दृश्य अनेक ग्रंथालयांत दिसते.

आपल्याकडील पारंपरिक उपाय या कारणांची जाण ठेवूनच विकसित झाले. पोथीला वरखाली लाकडी फळ्या लावून ती सुती वेष्टनात घट्ट बांधण्याची पद्धत धूळ, प्रकाश आणि आर्द्रतेतील आकस्मिक बदल यांपासून एकाच वेळी संरक्षण देते. तंजावर येथे वेखंड, काळे जिरे, लवंग, मिरी, दालचिनी व कापूर यांची पूड पुरचुंडीत बांधून पोथ्यांजवळ ठेवण्याचा प्रघात आहे. दप्तरातील कागद रुमालात बांधण्याची मराठी कारभारातील पद्धतही जतनाच्या दृष्टीने उपयुक्त होती. तिची मर्यादा उपलब्धतेची आहे. रुमालातील एक कागद पाहण्यासाठी संपूर्ण रुमाल सोडावा लागतो, शेकडो कागद हाताळले जातात आणि पुन्हा बांधताना मूळचा क्रम बिघडण्याची शक्यता असते. क्रम बिघडला की कागदाचा संदर्भ हरवतो. कारण दप्तरात एखादा कागद कोणत्या कागदांच्या शेजारी आहे, हाही एक पुरावाच असतो.

भांडाराची पुनर्रचना

भांडारातील अव्यवस्था ही केवळ भारताची समस्या नाही. इक्रॉम ही आंतरराष्ट्रीय संस्था व युनेस्को यांनी २०११ च्या सुमारास केलेल्या पाहणीच्या आधारे, जगातील भांडारांत असलेल्या संग्रहांपैकी सुमारे ६० टक्के संग्रह धोक्यात असल्याचा अंदाज मांडण्यात आला. त्यावर उपाय म्हणून या संस्थांनी 'री-ऑर्ग' नावाची कार्यपद्धती विकसित केली. लहान व मध्यम संग्रहालयांना, मोठा खर्च न करता, उपलब्ध जागेतच भांडाराची फेरमांडणी करता यावी, हा तिचा हेतू आहे.

या पद्धतीत चार अंगांचा विचार केला जातो : व्यवस्थापन, इमारत व जागा, संग्रह, आणि मांडणीचे सामान. तिचे निकष व्यवहारी आहेत. भांडाराची जबाबदारी एका प्रशिक्षित व्यक्तीवर निश्चित केलेली असावी. भांडारात संग्रहाखेरीज अन्य सामान नसावे. कोणतीही वस्तू जमिनीवर ठेवलेली नसावी. प्रत्येक वस्तूचे स्थान नोंदलेले असावे व ती तीन मिनिटांत सापडावी. एखादी वस्तू काढताना तिच्याव्यतिरिक्त दोनांहून अधिक वस्तू हलवाव्या लागू नयेत.

शेवटचे दोन निकष वरवर पाहता केवळ सोयीचे वाटतात. वस्तुतः ते जतनाचेच निकष आहेत. तीन मिनिटांत सापडणाऱ्या पोथीसाठी दहा पोथ्या उलगडाव्या लागत नाहीत. जमिनीपासून वर ठेवलेला रुमाल पुराच्या पाण्यातून वाचतो आणि त्याखाली वाळवी लागली तर ती वेळीच दिसते. आग लागल्यास कोणत्या वस्तू प्रथम बाहेर काढायच्या, हे स्थाननोंद असेल तरच ठरविता येते. ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला २ सप्टेंबर २०१८ रोजी लागलेल्या आगीत तेथील संग्रहाचा बहुतांश भाग नष्ट झाला. भारतातही २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीतील राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय आगीत भस्मसात झाले. या घटनांनंतर आपत्तीपूर्व नियोजन हा भांडारव्यवस्थेचा अनिवार्य भाग मानला जातो.

वातावरणाच्या नियंत्रणाबाबतही दृष्टिकोन बदलला आहे. वीस अंश सेल्सियस तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रता काटेकोरपणे राखावी, हा जुना दंडक समशीतोष्ण देशांतून आला होता. २०१४ नंतर संग्रहालय क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थांनी बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश तापमान व ४० ते ६० टक्के आर्द्रता अशी व्यापक मर्यादा स्वीकारली, आणि आकस्मिक चढउतार टाळण्यावर भर दिला. कावेरीच्या खोऱ्यातील किंवा कोकणातील ग्रंथालयाला याचा बोध असा की, दिवसा चालणारे व रात्री बंद होणारे वातानुकूलन यंत्र हे जाड भिंतींच्या, खेळती हवा असलेल्या खोलीपेक्षा अधिक अपायकारक ठरू शकते.

नोंद हेच संरक्षण

उपलब्धता वाढविल्याने चोरीचा धोका वाढतो, हा आक्षेप गंभीर आहे. तंजावरचेच एक प्रकरण त्याला वेगळे उत्तर देते. तरंगंबाडी येथे १७१५ साली छापलेल्या तमिळ नव्या कराराची, सरफोजीराजांची सही असलेली प्रत राजवाड्यातील संग्रहातून नाहीशी झाल्याची तक्रार २००५ मध्ये नोंदली गेली. २०२२ मध्ये तमिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरीविरोधी शाखेने ती प्रत लंडनमधील एका संग्रहात असल्याचे शोधून काढले. हा शोध परदेशातील संग्रहांच्या संगणकीय सूची पाहताना लागला आणि प्रतीची ओळख पटण्यास त्यावरील सही उपयोगी पडली. म्हणजे ग्रंथ हरवला तो बंद कपाटातून आणि सापडला तो खुल्या सूचीतून.

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार पंच्याहत्तर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेली हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. त्यांची निर्यात बेकायदेशीर असली तरी परत मागणी करताना वस्तू मुळात आपल्या संग्रहात होती, हे सिद्ध करावे लागते. हरवलेल्या प्रत्येक ग्रंथावर राजाची सही असणार नाही. दाखल क्रमांक, मापे, पृष्ठसंख्या, स्थितिवर्णन, विशेष खुणा आणि छायाचित्र एवढी नोंद असेल तरच मागणी टिकते. ज्या वस्तूची नोंद नाही, ती चोरीला गेल्याचे कळतदेखील नाही.

अंकीय प्रती आणि मोडीचा प्रश्न

२००३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानामुळे देशभर सर्वेक्षण व अंकीय छायांकन यांना गती मिळाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञानभारतम्' अभियानाची घोषणा होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन यांचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' ही संगणकप्रणाली तयार केली असून तिच्या आधारे अनेक राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तू लोकांना पाहता येतात.

छायांकन म्हणजे मात्र सर्व काही नव्हे. चित्रसंचिकेला मूळ वस्तूचाच दाखल क्रमांक दिलेला नसेल, पानांचा क्रम नोंदलेला नसेल, तर संगणकात एक नवे अव्यवस्थित भांडार तयार होते. तबकड्या व संगणकीय साठे कागदापेक्षा अल्पायुषी असतात. त्यांच्या प्रती निरनिराळ्या माध्यमांवर, निरनिराळ्या ठिकाणी ठेवून ठरावीक काळाने तपासाव्या लागतात. म्हणून फेरमांडणी व नोंदणी आधी, छायांकन नंतर, हा क्रम पाळणे हितावह होय.

मराठी संग्रहांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मोडी कागद उत्तम स्थितीत असला, त्याचे छायाचित्र घरबसल्या उपलब्ध असले, तरी तो वाचणारा नसेल तर तो अनुपलब्धच राहतो. तंजावरच्या मोडीत प्रांतिक वळण आहे आणि भाषेत तमिळ शब्दांची सरमिसळ आहे. तेथे केवळ मोडी येऊन भागत नाही. दोन्ही भाषांची जाण लागते. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीचा समावेश झाल्याने मोडी मजकूर संगणकावर नोंदविण्याचा व शोधण्याचा मार्ग खुला झाला आहे. त्याचा लाभ घेण्यासाठी प्रथम हजारो पाने अचूक लिप्यंतरित व्हावी लागतील, आणि ते काम आज तरी प्रशिक्षित वाचकाच्या डोळ्यांवरच अवलंबून आहे.

समारोप

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्या दर्जाचा आधार असलेली साधने महाराष्ट्रापुरती मर्यादित नाहीत; तंजावर, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर अशा जुन्या मराठी सत्ताकेंद्रांतही ती विखुरलेली आहेत. ज्या प्रदेशांत दैनंदिन व्यवहाराची भाषा मराठी नाही, तेथे या साधनांची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्यांतील मजकूर वाचता येईलच असे नाही. तेथे भाषेचे अभ्यासक आणि भांडारांचे व्यवस्थापक यांनी एकत्र काम करणे ही निकडीची गरज आहे. विद्यापीठांतील मराठी विभागांनी मोडीवाचनाचे शिक्षण प्रत्यक्ष नोंदणीच्या कामाशी जोडले, तर विद्यार्थ्यांना साधने मिळतील आणि ग्रंथालयांना वाचक मिळतील.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. जमिनीवरचे रुमाल फळीवर ठेवणे, प्रत्येक फळीला क्रमांक देणे, तो क्रमांक दाखलनोंदवहीत लिहिणे आणि वर्षातून एकदा वही व फळी यांचा ताळा घेणे, एवढ्यापासून आरंभ करता येतो. शहाजीराजांची नाटके अशाच साध्या, अखंडित निगराणीमुळे आपल्यापर्यंत पोहोचली. अद्याप न उलगडलेल्या रुमालांतून मराठीच्या इतिहासात आणखी कोणती भर पडेल, हे त्यांची नोंद होईपर्यंत सांगता येणार नाही.