गृहोपयोगी उपकरणांचे आयुर्मान

गृहोपयोगी उपकरणांचे आयुर्मान म्हणजे उपकरण वापरात आल्यापासून ते बदलले जाईपर्यंतचा कालावधी होय. बिघाड हे उपकरण बदलण्याचे एकमेव कारण नसते. सुटे भाग न मिळाल्यास, दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीजवळ गेल्यास किंवा सॉफ्टवेअरची अद्यतने थांबल्यास चालू उपकरणही बाद ठरते. मोबाईलमधील लिथियम-आयन बॅटरी वापरागणिक क्षीण होते. ती सहज बदलता येत नसल्यास फोनचे आयुष्यही तिच्याइतकेच उरते.

नियोजित कालबाह्यता

उत्पादकाने वस्तूचे आयुर्मान हेतुपुरस्सर मर्यादित ठेवण्यास 'नियोजित कालबाह्यता' म्हणतात. १९२४ मध्ये प्रमुख दिवे उत्पादकांनी जिनिव्हा येथे 'फीबस कार्टेल' स्थापन करून विजेच्या दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणले. जास्त टिकणारे दिवे बनवणाऱ्या सदस्यांना दंड होत असे. कमी आयुष्याचा दिवा तेवढ्याच विजेत अधिक प्रकाश देतो, असे त्याचे समर्थन केले जाई. तांत्रिकदृष्ट्या ते निराधार नव्हते. दुसऱ्या महायुद्धामुळे हा करार संपुष्टात आला.

दुरुस्तीचा अधिकार

युरोपीय संघात मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, एखाद्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतरही वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग किमान १० वर्षे, तर रेफ्रिजरेटरचे ७ वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी संकेतस्थळ सुरू केले.