लहान खलाशासाठी शिडाची होडी

वाढत्या अंगाच्या मुलाला कपडा शिवताना दोन बोटे जास्त धरावीत, चपला घेताना त्या किंचित मोठ्या घ्याव्यात, हा आपल्या मध्यमवर्गीय संसाराचा जुना नियम आहे. आणि तो वाईटही नाही. ढगळ सदऱ्याने कुणाचे काही बिघडत नाही. परंतु ज्यांनी मुलाला शिडाची होडी शिकवायचे मनात घेतले असेल, त्यांनी हा नियम किनाऱ्यावरच ठेवून यावा, असे आम्ही आरंभीच सुचवू इच्छितो. होडी आजच्या मुलाच्या मापाची हवी. तीन वर्षांनंतरच्या मुलाच्या मापाची नव्हे.

हा आग्रह कशासाठी, हे कळण्यास शिडाचे गणित थोडे पाहिले पाहिजे. वारा शिडाला रेटतो आणि होडीला एका अंगावर कलवू पाहतो. चालवणारा दुसऱ्या काठावर बसून, अंग बाहेर झोकून तो कल सावरतो. होडी म्हणजे एक तराजूच; एका पारड्यात वारा आणि दुसऱ्यात मुलाचे वजन. दुपारपर्यंत मुलाचे वजन वाढत नाही, वारा मात्र वाढतो. आणि त्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून सकाळच्या झुळकेत मोठे शीड सहज सांभाळणारा ३० किलो वजनाचा मुलगा दुपारी हतबल होतो, आणि होडी उलटते.

होडी उलटणे हा शिक्षणाचाच भाग आहे. अंगात तरंगजाकीट असले, पोहता येत असले आणि शिक्षकाची नाव जवळ असली, तर त्यात भिण्यासारखे फारसे नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. ती उलटलेली होडी मुलाला स्वतःच्या बळावर सरळ करता येते काय? होडीच्या मधोमध पाण्यात उतरणारी एक फळी असते. तिच्यावर भार देऊन होडी पुन्हा उभी करायची असते. होडी जड आणि शीड मोठे असेल, तर मूल त्या फळीला नुसते लोंबकळत राहते. दर वेळी दुसऱ्याने येऊन सोडवावे लागते. अशा मुलाला एकच धडा मिळतो: ‘हे आपल्याच्याने होणार नाही.’ हा धडा पुसणे फार कठीण.

मुलांच्या मापाची होडी कशी असते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘ऑप्टिमिस्ट’. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातील क्लिअरवॉटर या गावी क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्या कारागिराने ती आखली. स्वस्तात, घरच्या घरी, प्लायवुडच्या दोन तक्त्यांतून बनावी, ही अट होती. तक्ता ८ फुटांचा. म्हणून होडी त्याहून आखूड आणि नाकाड बोथट! दिसायला ती एखाद्या पेटीसारखी, त्यामुळे पुष्कळ पालकांच्या मनात भरत नाही. पण तिची लांबी सुमारे २.३ मीटर, सांगाड्याचे वजन ३५ किलो आणि शीड साडेतीन चौरस मीटरांच्या आत. साधारण ८ ते १५ वर्षांच्या मुलाने एकट्याने चालवावी, असे हे माप आहे. आत हवेच्या पिशव्या असल्यामुळे ती बुडत नाही. सरळ केल्यावर आत साचलेले पाणी मात्र मुलानेच उपसायचे असते.

येथे एक शंका निघेल. तीन-चार वर्षांनी होडी लहान पडेल. मग पैसे वाया गेले नाहीत काय? आमचे उत्तर असे की, या होड्यांची मापे नियमाने बांधलेली असल्यामुळे एकाची होडी दुसऱ्याच्या कामी येते. पुढची पायरीही अशीच सोयीची आहे. पूर्वी ‘लेझर’ आणि आता ‘इल्का’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होडीचा सांगाडा एकच, सव्वाचार मीटरांच्या आसपास; शिडे मात्र लहान, मध्यम व मोठे अशी तीन. अंग वाढेल तसे शीड बदलावे. यांतल्या लहान शिडाच्या होडीवर, ‘इल्का ४’वर, देवास जिल्ह्यातील नेहा ठाकूर हिने २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. तिचे शिक्षण समुद्रावर नव्हे, भोपाळच्या तलावावर झाले, हे आपल्यासारख्या समुद्रापासून दूरच्या शहरवासीयांनी ध्यानात ठेवावे.

एकटेपणाला बुजणारे मूल असेल, तर दोघांनी चालवायची ‘कॅडेट’ पाहावी. जॅक होल्ट यांनी तीही १९४७ सालीच इंग्लंडमध्ये मुलांसाठी आखली. मात्र सोबती दुसरे मूल असावे, वडील नव्हेत! वडील होडीत असले की सुकाणू मुलाच्या हाती आणि निर्णय वडिलांच्या, असे होऊन बसते.

जुनी होडी घेताना रंगावर जाऊ नये. प्रथम ती वजन करून घ्यावी. ऑप्टिमिस्ट ३५ किलोंहून बरीच जड भरली, तर तिच्या अंगात पाणी मुरले आहे किंवा डागडुजीचे थर चढले आहेत, असे समजावे. हवेच्या पिशव्या फुगवून रात्रभर ठेवाव्यात. सकाळी सैल पडल्या तर बदलाव्यात. डोलकाठी जेथे बसते ती जागा आणि सुकाणूचे कोंडे हलवून पाहावेत. होडी उलटल्यावर डोलकाठी निसटू नये म्हणून ती बांधण्याची सोय आहे ना, हेही पाहावे. ओढून नेण्यासाठी तरंगणारी दोरी आणि होडीला बांधलेले उपसणे हवेच.

आणि या सर्वांआधी मुलाला वजनकाट्यावर उभे करावे, आणि शक्य तर शिकवणाऱ्या संस्थेच्या होडीत बसवून पाहावे. शांत पाण्यात, शिक्षकासमोर होडी मुद्दाम उलटवावी. मुलाने ती कुणाच्या मदतीवाचून सरळ केली आणि पाणी उपसून पुन्हा शीड ताणले, की ती होडी त्याच्या मापाची आहे, असे खुशाल मानावे.