जिथे हजेरी घेत नाहीत

ग्यॉटिंगन (जर्मनी), जानेवारी

आई दर रविवारी फोनवर विचारतेच, "हजेरी भरतेय ना गं?" मी राहुरीला कृषी महाविद्यालयात होते तेव्हापासूनची तिची ही सवय. त्या चार वर्षांत हजेरीचे टक्के हा आमच्या घरातला कायमचा विषय होता. ताप आला तरी आधी टक्क्यांचा हिशेब, मग डॉक्टर. आता मी मृदाशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी इथे आले आहे. इथे हजेरी घेतच नाहीत हे मी तिला चार-पाच वेळा सांगितलं, पण तिला ते पटत नाही. "मग तुम्ही येता-जाता हे कळतं कसं त्यांना?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की त्यांना ते कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नसतं.

ऑक्टोबरच्या अखेरीस माझं पहिलं लेक्चर होतं. वेळापत्रकात दहा वाजता लिहिलं होतं. मी पावणेदहाला पोचले तर हॉल रिकामा. दहा वाजले तरी जेमतेम चार जण. सव्वादहाच्या ठोक्याला मात्र बाक भरले आणि बाई आत आल्या. वेळेपुढे जी दोन छोटी अक्षरं छापलेली असतात त्यांचा अर्थ तेव्हा कळला: दहा म्हणजे सव्वादहा. याला 'अकॅडेमिक पाव तास' म्हणतात. घड्याळं सर्वांकडे नव्हती तेव्हा विद्यार्थी चर्चची घंटा ऐकून निघत आणि पाव तासात पोचत, त्यातून ही रीत पडली असं सांगतात. बाईंनी "सुप्रभात" म्हटलं आणि थेट विषयाला हात घातला. माझं नाव कधी पुकारतील म्हणून मी वाट पाहत राहिले. नाव कुणी पुकारलं नाही. दीड तासाने त्यांनी "धन्यवाद" म्हटलं आणि सगळा हॉल बाकांवर टकटक करू लागला, बोटं मुडपून, दारावर करावी तशी. इथे लेक्चरनंतर टाळ्या वाजवत नाहीत, अशी दाद देतात. दर तासाला, दर शिक्षकाला. कुणी शिकवलं याची रोज पोचपावती देणारी ही पद्धत मला फार आवडली. डिसेंबरातल्या एका काळोख्या सकाळी साठ जणांच्या हॉलमध्ये आम्ही अकरा जण होतो. बाईंनी चेहऱ्यावर काही न दाखवता पूर्ण दीड तास शिकवलं. त्या दिवशीची टकटक अकराच जणांची होती, पण ती मला अजून ऐकू येते.

प्रॅक्टिकल आणि सेमिनार यांना उपस्थिती लागते, तिथे सूट नाही. पण लेक्चर हा तुमचा प्रश्न. कोणता विषय कोणत्या सत्रात घ्यायचा, परीक्षा यंदा द्यायची की पुढच्या खेपेला, हेही बरंचसं तुम्हीच ठरवायचं. परीक्षेसाठी ठराविक तारखेच्या आत ऑनलाइन नाव नोंदवायचं. ती तारीख चुकली तर कुणी आठवण करायला येत नाही.

विद्यापीठाची विद्यार्थ्याकडे बघण्याची ही दृष्टी सुरुवातीपासून होती असं नाही. विल्हेल्म चौकात विद्यापीठाच्या सभागृहाची जुनी इमारत आहे, १८३७ सालची, विद्यापीठाच्या शताब्दीला बांधलेली. तिच्यात वर एक तुरुंग आहे. विद्यार्थ्यांवर खटला चालवण्याचा अधिकार त्या काळी विद्यापीठालाच होता. दारू पिऊन दंगा केला, द्वंद्वयुद्ध खेळलं, पहारेकऱ्याचा अपमान केला, की रवानगी या खोल्यांत. आत बसलेल्यांनी रंगवलेल्या भिंती अजून जपून ठेवल्या आहेत: नावं, तारखा, डोक्यावर टोप्या घातलेल्या आकृत्या. पुढे जर्मनीचा चॅन्सेलर झालेला बिस्मार्क १८३२-३३ मध्ये इथेच शिकायला होता, आणि त्यालाही विद्यापीठाच्या तुरुंगाची ओळख झाली होती.

त्याच १८३७ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. हॅनोव्हरच्या नव्या राजाने राज्यघटना रद्द केली. आम्ही या घटनेची शपथ घेतली आहे, ती मोडणार नाही, असं इथल्या सात प्राध्यापकांनी लेखी कळवलं. सातही जणांना काढून टाकलं, तिघांना तर हद्दपार केलं. परीकथांमुळे आपल्याला माहीत असलेले ग्रिम बंधू त्या सातांत होते. आज आमचं ग्रंथालय, मोठी लेक्चर हॉलची इमारत ज्या चौकाभोवती उभी आहे त्याला 'ग्यॉटिंगनच्या सातांचा चौक' असं नाव आहे. रोज हजारो मुलं तिथे सायकली लावतात.

पण दुसरा एक चौकही सांगायला हवा. शहराच्या जुन्या तटाला लागून आल्बानी चौक आहे. नाझी राजवटीत, १० मे १९३३ ला, तिथे पुस्तकांची होळी झाली, आणि ती विद्यार्थ्यांनीच केली. त्याआधी काही दिवस ज्यू प्राध्यापकांना कामावरून दूर करणं सुरू झालं होतं. भौतिकशास्त्रातले माक्स बोर्न गेले. गणितातल्या एमी नोएटर गेल्या. या बाईंना गणितात गती असूनही सुरुवातीची वर्षं शिकवण्याचा हक्क नव्हता म्हणून गणिताचे प्राध्यापक हिल्बर्ट यांच्या नावाने वर्ग घ्यावे लागले होते. जगातलं गणित ज्या गावात येऊन उभं राहत होतं ते गाव काही महिन्यांत ओस पडलं. मी त्या चौकावरून सायकलने जाते तेव्हा मनात येतं की तेव्हाही ती मुलं कुणाच्या धाकाखाली नव्हती. हौसेने आली होती. मोकळीक मिळालेला विद्यार्थी काय करेल याची हमी नसते, आणि हे या गावाइतकं कुणी जवळून पाहिलेलं नसेल.

मोकळीकीचा हिशेब परीक्षेत होतो. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालात तर तो अभ्यासक्रम संपला, आणि देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही तोच अभ्यासक्रम पुन्हा घेता येत नाही. दुसऱ्या शहरात शिकणारा माझ्या ओळखीचा एक मुलगा या टोकापर्यंत आला. दोन संधी त्याने तयारी नसताना वापरून टाकल्या. "एटीकेटी असेल असं वाटलं होतं," तो म्हणाला. हुशार आहे तो. पण आपल्याकडे कुणीतरी मागे लागलेलं असतं, सर, रेक्टर, मोठा भाऊ. त्या मागे लागण्यावर आपण किती उभे असतो हे ते नसल्यावर कळतं. तीन आठवडे तो खोलीबाहेर पडला नव्हता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतात, मोफत असतात, चांगले असतात, पण दार तुम्हाला ठोठावावं लागतं. जर्मनीला येण्याच्या तयारीत असलेल्या मुलामुलींना माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे: कागदपत्रांइतकीच या गोष्टीची तयारी करून या.

दुसरी बाजूही तितकीच खरी. निकाल लागला की पेपर बघायला बोलावतात. शिक्षक किंवा त्यांचा सहायक समोर बसतो, तुम्ही आपली उत्तरपत्रिका पानापानाने वाचता, गुण का गेले ते विचारता. मी एका उत्तराबद्दल विचारलं तेव्हा सहायकाने ते पुन्हा वाचलं आणि गुण दिले नाहीत, पण का दिले नाहीत ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. विद्यार्थ्याला इतका वेळ देणं हा त्याच्या कामाचाच भाग होता.

भाषेत मात्र आपल्याला एक फायदा आहे. जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी' असे दोन शब्द आहेत, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ते डोक्यात बसवताना त्रास होतो. आपल्याला 'तू' आणि 'तुम्ही' जन्मापासून येतं. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या भेटीपासून अरे-तुरे करतात, अनोळखी असले तरी. प्राध्यापकांना अहो-जाहो. आणि प्राध्यापकही विद्यार्थ्याला अहो-जाहोच करतात, हे मला नवीन होतं. साठीच्या बाई मला 'तुम्ही' म्हणतात. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं झालं. आता त्या 'तुम्ही'मधूनच मला कळतं की माझ्याकडून प्रौढ माणसाची अपेक्षा आहे.

राहायला मी तीन जर्मन मुलामुलींबरोबर एका भाड्याच्या घरात आहे. अशी एकत्र घरं इथे विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा पायाच आहेत. खोली देण्याआधी आधीचे राहणारे तुम्हाला चहाला बोलावतात, गप्पा मारतात, आणि तुमच्याशी जमेल का ते ठरवतात. स्वयंपाकघरात साफसफाईचा तक्ता लावलेला आहे. हिवाळ्यातसुद्धा सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडून हवा खेळवायची, रविवारी ड्रिल मशीन लावायचं नाही. मी फोडणी करते तेव्हा दार लावून घेते. आता तिघांनाही पिठलं आवडतं.

पैशांचं सांगायला हवं, कारण घरोघरी पहिला प्रश्न तोच असतो. नीडरझाक्सन या आमच्या राज्याने २०१४ मध्ये शिक्षणशुल्क बंद केलं, आणि जर्मनीतलं ते शेवटचं राज्य होतं. सत्राचं जे अंशदान भरतो त्यात बराचसा वाटा प्रवासाच्या पासाचा आणि विद्यार्थी कल्याण संस्थेचा. ही संस्था मेन्झा म्हणजे मेस चालवते. तिथे विद्यार्थ्याला जेवण तीन-चार युरोत मिळतं, तेच पाहुण्याला महाग. काही ठिकाणी मात्र युरोपबाहेरच्यांना शुल्क आहे. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये २०१७ पासून सत्राला १,५०० युरो. खरा भार आहे तो ब्लॉक्ड अकाउंटचा. व्हिसासाठी मला वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात दाखवावे लागले, महिन्याला त्यातले ९९२ काढता येतात. आपल्या रुपयांत अकरा-बारा लाख. बाबांनी त्यासाठी घर तारण ठेवलं आहे. माझ्याबरोबर राहणाऱ्या मुलीला सरकारी साहाय्य मिळतं, त्यातलं निम्मं अनुदान, निम्मं बिनव्याजी कर्ज, आणि परतफेड जास्तीत जास्त १०,०१० युरो. ती माझ्याच वयाची आहे, माझ्याच बाकावर बसते. परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्या दोघींच्या डोक्यात जे असतं ते सारखं नसतं. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते, ४९ हजारांहून जास्त. यांतली किती घरं तारण असतील हा विचार मला टाळता येत नाही.

वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. मी मातीच्या लॅबमध्ये सहायक आहे. वाळवलेले नमुने कुटायचे, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायचे, पिशव्यांवर क्रमांक घालायचे. इथली माती लोएस, हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली. फिकट पिवळसर, पिठासारखी मऊ, बोटांत घेतली की रेशमासारखी सरकते. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा आमच्या रानातली काळी माती आठवली, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात नांगराला चिकटणारी. ही माती कधी कुणाला अडवत नसेल असं वाटलं. नंतर कळलं की तीच पावसात फार लवकर वाहून जाते.

ग्रंथालयात एकदा सहज संस्कृतच्या कपाटापाशी गेले तर पुण्याचा धागा हाती लागला. फ्रान्झ कीलहॉर्न हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ पासून पंधरा वर्षं संस्कृत शिकवत होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची तीन खंडांची आवृत्ती मुंबईत छापली गेली. पुढे ते ग्यॉटिंगनला प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत इथेच राहिले. १८८५ मध्ये याच विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. म्हणजे आमच्या आधी दीडशे वर्षं या गावची आणि पुण्याची ये-जा चालू होती, आणि तेव्हा शिकवायला माणसं इकडून तिकडेही जात होती. त्या संध्याकाळी मला इथे परकं वाटलं नाही.

शुक्रवारी बाजारचौकातून येताना गर्दी दिसली. तिथल्या कारंज्यावर हंस घेतलेल्या मुलीचा पुतळा आहे, १९०१ सालचा. पीएच.डी. झालेल्याला मित्र सजवलेल्या हातगाडीत बसवून तिथे आणतात. तो वर चढतो, मुलीला फुलं देतो आणि गालाचं चुंबन घेतो. १९२६ मध्ये शहराने यावर बंदी घातली होती, ती कुणी पाळली नाही. शुक्रवारी वर चढलेली मुलगी रसायनशास्त्राची असावी, तिच्या कागदी टोपीवर रंगीत परीक्षानळ्या लावल्या होत्या. खाली तिचे आईवडील उभे होते. वडील थंडीत टोपी काढून उभे होते.

आज आईशी बोलले तेव्हा तिने विचारलंच. मी म्हटलं, "भरतेय." उद्या सोमवार, सव्वाआठचं लेक्चर आहे, आणि तेव्हा इथे अजून अंधार असतो. सायकलचा पुढचा दिवा गेला होता. रविवारी दुकानं बंद असतात म्हणून कालच नवा आणून बसवला आहे.